एक पान जास्तीचं

रात्रीची जेवणं आटोपली, तरी केरळातल्या त्या घरात एका माणसाचा भात झाकून ठेवलेला असायचा. मुलगा कधीही येईल, भुकेला येईल, म्हणून एक पान जास्तीचं धरायचं, असं प्राध्यापक ईचर वारियर यांनी पत्नीला सांगून ठेवलं होतं.

मुलगा आलाच नाही. तो मेला, हे सरकारनं वर्षभरानंतर कबूल केलं. पण त्याचा मृतदेह आजतागायत मिळालेला नाही आणि त्याच्या खुनाबद्दल कुणालाही शिक्षा झालेली नाही.

पी. राजन हा कालिकतच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता. अभ्यासात हुशार आणि गाणारा! देशात आणीबाणी होती. २८ फेब्रुवारी १९७६ रोजी नक्षलवाद्यांनी कायण्णा पोलीस ठाण्यावर हल्ला चढवला आणि पोलिसांनी धरपकड सुरू केली. १ मार्चच्या सकाळी हॉस्टेलच्या आवारातून राजनला आणि आणखी एका विद्यार्थ्याला पोलिसांनी उचललं. आदल्या रात्री राजन फारूक कॉलेजच्या कला महोत्सवात होता, असं त्याचे सोबती सांगत राहिले. ऐकणार कोण?

त्याला नेलं कक्कयमच्या छावणीत. तिथं संशयितांना बाकावर बांधून त्यांच्या मांड्यांवरून जड लाकडी ओंडका फिरवला जाई. जे जिवंत सुटले, त्यांनीच पुढे हे सांगितलं.

कॉलेजच्या प्राचार्यांनी एक काम मात्र केलं. मुलाला पोलिसांनी नेल्याचं त्यांनी वडिलांना पत्रानं कळवलं. निवृत्त हिंदी प्राध्यापक असलेले वारियर छावणीच्या दारापर्यंत जाऊन आले. आत कुणी सोडलं नाही. मग सुरू झाली वणवण. मंत्री झाले, अधिकारी झाले, थेट दिल्लीपर्यंत अर्ज झाले. मुख्यमंत्री अच्युत मेनन तर ओळखीचे. पण कुणीच काही ठाम सांगेना. कोर्टाचा दरवाजाही बंदच होता. आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही, असा निकाल एप्रिल १९७६मध्ये खुद्द सुप्रीम कोर्टानंच दिला होता.

मार्च १९७७मध्ये आणीबाणी उठली आणि चारच दिवसांत, २५ मार्चला, वारियर यांनी केरळ हायकोर्टात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. त्याचा अर्थ साधा : माणूस तुमच्या ताब्यात आहे ना? मग कोर्टापुढे उभा करा! योगायोग असा, की आणीबाणीत गृहमंत्री असलेले के. करुणाकरन त्याच दिवशी मुख्यमंत्री झाले.

सरकारनं शपथेवर सांगितलं, राजनला आम्ही अटक केलीच नाही! कागदोपत्री ते खरंही दिसत होतं, कारण अटकेची नोंदच नव्हती. पण हॉस्टेलच्या मुलांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि प्राचार्यांनी पत्र लिहिलं होतं. न्यायमूर्ती सुब्रमण्यम पोट्टी आणि व्ही. खालिद यांनी साक्षी ऐकल्या आणि १३ एप्रिलला निकाल दिला, की राजन पोलिसांच्या ताब्यात होता, त्याला हजर करा. पुढच्या बारा दिवसांत करुणाकरन यांना राजीनामा द्यावा लागला. हजर करायला राजन होता कुठे? तो कोठडीतच मरण पावल्याचं अखेर सरकारला मान्य करावं लागलं.

मग देह कुठे गेला? कुणी म्हणतं जाळला, कुणी म्हणतं कक्कयमच्या धरणात टाकला. जे त्या रात्री तिथं होते, त्यांनी तोंड उघडलं नाही. पोलीस अधिकाऱ्यांवर खटला चालला तो शेजारच्या तामिळनाडूत, कोइमतूरला. खून शाबीत झाला नाही. किरकोळ कलमांखाली शिक्षा झालेले प्रमुख अधिकारी जयराम पडिक्कल अपिलात सुटले. करुणाकरन पुढे पुन्हा मुख्यमंत्री झाले.

आणि घरी? आईचं मन या धक्क्यातून सावरलंच नाही. ती मुलाची वाट पाहत राहिली. २००० साली गेली, ती वाट पाहतच. वारियर यांनी मुलाच्या आठवणी मल्याळममध्ये लिहिल्या, त्यांना २००४ साली केरळ साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शाजी करुण यांचा ‘पिरवी’ हा चित्रपट याच प्रकरणावरून सुचला, असं म्हणतात. त्यातला म्हातारा बाप मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसतो. २००६च्या एप्रिलमध्ये वारियर यांनीही डोळे मिटले. मुलाला अग्नी देण्याचं बापाचं शेवटचं काम तेवढं राहून गेलं.

या सगळ्याच्या मुळाशी एक कोरा कागद आहे. अटकेची नोंदच न झाल्यामुळे राजन जणू कुणाच्या ताब्यात गेलाच नव्हता! १९९६च्या डिसेंबरमध्ये डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टानं नेमक्या याच कागदाला हात घातला. अटक करताना तारीख-वेळ घातलेला पंचनामा तिथल्या तिथं करायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठिताची साक्षीदार म्हणून सही घ्यायची आणि कुठे नेलं, हे नातेवाइकांना कळवायचं. हे आज कायद्यातही आलं आहे. तेव्हा आपल्या घरातून वा शेजारातून कुणाला नेलं, तर हा कागद मागायला कचरू नये. तो मागणं हा उद्धटपणा नव्हे, हक्क आहे.

कालिकतच्या त्या प्राचार्यांनी पत्र लिहिलं नसतं, पोरांनी साक्ष दिली नसती, तर राजन गेला, एवढंही कोर्टाला कबूल करून घेता आलं नसतं. झाकून ठेवलेला तो भात मात्र कुणाच्याच पोटात गेला नाही.