आभार नकोत, नाव लिहा

मेडिकल जर्नलमधल्या शोधनिबंधाच्या शेवटी, संदर्भयादीच्या जरा वर, बारीक अक्षरात एक ओळ असते. 'सर्वेक्षणात काम करणाऱ्या फिल्ड स्टाफचे आणि सहभागी महिलांचे आम्ही आभारी आहोत.' भारतातल्या आरोग्य-संशोधनात आपली माणसं कुठे आहेत असं कुणी विचारलं, की मी ही ओळ दाखवते. आधी वरची लेखकांची आडनावं वाचा, मग ही ओळ वाचा. आडनावं वाचायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

मी समाजशास्त्राची. फेलोशिप वेळेवर येत नव्हती म्हणून पीएचडी करता करता एका मेडिकल कॉलेजच्या कम्युनिटी मेडिसिन विभागाच्या प्रकल्पावर दोन वर्षं काम केलं. मराठवाड्यातल्या गावांमध्ये गरोदरपणातल्या तपासण्यांचा सर्व्हे होता. सर्व्हे संपला, डेटा साफ झाला आणि 'आता मॅन्युस्क्रिप्ट तयार करू' असं ठरलं. तोवर माझी समजूत अशी, की जात प्रवेशाच्या मुलाखतीत असते, व्हायवात असते, हॉस्टेलमध्ये असते. मॅन्युस्क्रिप्ट म्हणजे शब्दमर्यादा, तक्ते, संदर्भ लिहायची पद्धत. निव्वळ तांत्रिक काम. ही समजूत पहिल्याच महिन्यात गेली. मॅन्युस्क्रिप्ट तयार होताना आपल्याला दोनदा गाळलं जातं. माणूस म्हणून लेखकांच्या यादीतून, आणि शब्द म्हणून मजकुरातून. दोन्ही वेळा नियमांचा हवाला दिला जातो. म्हणून मी नियम वाचायला घेतले.

मेडिकल जर्नलांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे, आयसीएमजेई. १९७८ साली काही संपादक कॅनडातल्या व्हँकूव्हरला जमले, तिथून ती सुरू झाली. लेखक कुणाला म्हणायचं याच्या तिच्या चार कसोट्या जगभरातली जर्नल्स मानतात. एक, संशोधनाची कल्पना, आराखडा, माहिती गोळा करणं, विश्लेषण किंवा अर्थ लावणं यात भरीव वाटा. दोन, मसुदा लिहिणं किंवा त्यात आशयाच्या दृष्टीने महत्त्वाची दुरुस्ती करणं. तीन, अंतिम मसुद्याला संमती. चार, कामाची जबाबदारी घेणं. चारही पूर्ण व्हायला हव्यात.

आमच्या सरांना हे तोंडपाठ होतं. "अगं, फिल्डवाल्यांनी लिहिण्यात कुठे भाग घेतला? दुसऱ्या कसोटीत बसत नाहीत." बरोबर आहे, बसत नाहीत. मसुदा त्यांना दाखवलाच नव्हता. विहिरीवर येऊ द्यायचं नाही आणि मग म्हणायचं, यांना पोहता येत नाही. पण त्याच दस्तऐवजात चार कसोट्यांच्या खाली लगेच लिहिलंय, की ज्यांचा पहिल्या कसोटीएवढा वाटा आहे त्यांना लिहिण्याची, दुरुस्तीची आणि संमती देण्याची संधी मिळायला हवी. ती संधी नाकारून त्यांना यादीबाहेर काढण्यासाठी या कसोट्या नाहीत. हेही लिहिलंय, की केवळ निधी आणला, केवळ देखरेख केली म्हणून कुणी लेखक होत नाही. हा भाग कुणाच्या तोंडपाठ नसतो. मेडिकल कॉलेजातल्या बढतीला शोधनिबंध लागतात, आणि २०२० मध्ये मेडिकल कौन्सिलने नियम केला की नाव पहिल्या तिघांत किंवा कॉरस्पॉन्डिंग ऑथर म्हणून हवं. मग पहिल्या तीन जागांसाठी काय चालतं ते विभागात बसून पाहावं.

आता 'भरीव वाटा' म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडे सहा फिल्ड इन्व्हेस्टिगेटर होते. त्यातल्या एका ताईंबद्दल लिहिते, त्यांना विचारून. बौद्ध वस्तीत राहतात, लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, तरी मला मॅडम म्हणायच्या. प्रश्नावलीत एक प्रश्न होता: गेल्या तीन महिन्यांत एएनएमने तुमची तपासणी केली का? पायलटमध्ये सगळ्या बायका 'हो' म्हणत होत्या. तिसऱ्या दिवशी ताई म्हणाल्या, "मॅडम, तपासलं का ते नका इचारू. कुठं बसून तपासलं ते इचारा. आन् पोटाला हात लावला का ते इचारा." एएनएम गावात यायची ती वरच्या आळीतल्या एका ओसरीवर बसायची. वस्तीतल्या बायका अंगणात उभ्या. गोळ्या वरून हातात पडायच्या, रजिस्टरवर सही व्हायची, तपासणी झाली. (एएनएमला खलनायक करायचा माझा हेतू नाही. तिच्यावर किती गावं असतात ते मी पाहिलंय, आणि ओसरी कुणाची निवडायची हे ती एकटी ठरवत नाही.) त्या एका प्रश्नाचे आम्ही तीन प्रश्न केले. पुढे सगळा निबंध त्या तीन प्रश्नांवर उभा राहिला. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातल्या दलित मुलांना आरोग्यसेवेत मिळणाऱ्या वागणुकीचा अभ्यास २०१० मध्ये मांडला होता, त्यात स्पर्शाचा मुद्दा आहेच. मला तो नंतर वाचायला मिळाला. ताईंनी तो वाचलेला नाही, वाचायची गरजही नव्हती.

याला संशोधनाचा आराखडा म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आणि मी काय केलं? प्रकल्पातून निघालेल्या पहिल्या निबंधात मी चौथी लेखक होते. 'फिल्ड स्टाफचे आभार' ही ओळ मी माझ्या हाताने टाइप केली. माझं नाव यादीत आलं याचा आनंद इतका होता, की त्या ओळीत कोण आहे हे मी पाहिलंच नाही. आपल्यातल्या एकाला आत घेतात तेव्हा दार पुढच्यासाठी बंद करायचं काम बहुतेक वेळा त्यालाच देतात, आणि तो ते करतो. मी केलं.

दुसऱ्या निबंधाच्या वेळी मसुदा घेऊन मी ताईंच्या घरी गेले आणि परिच्छेद परिच्छेद मराठीत सांगितला. दुरुस्ती इंग्रजीतच करावी असं कुठल्याही कसोटीत नाही. पहिल्या तक्त्याशी त्या थांबल्या. तक्त्यात चार रकाने होते: एससी, एसटी, ओबीसी, इतर. त्यांनी विचारलं, "तांड्यावरच्या बायका कुठं टाकल्या?" मी पाहिलं. 'इतर'मध्ये. डेटा एंट्रीच्या यादीत विमुक्त जाती हा पर्यायच नव्हता, म्हणून एंट्री करणाऱ्याने जमेल तिथे टाकलं होतं. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, केंद्राच्या यादीत ओबीसीत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत. आणि आमच्या तक्त्यात तो मराठा-ब्राह्मणांच्या रकान्यात बसला होता, त्यामुळे 'इतर'ची अवस्था होती त्याहून वाईट आणि जातीतलं अंतर होतं त्याहून कमी दिसत होतं. दोन प्राध्यापक, एक संख्याशास्त्रज्ञ आणि मी, चौघांनी तो तक्ता तपासला होता. ही चूक त्या तांड्यावरचे फॉर्म भरणाऱ्या बाईला दिसली. दुसरी कसोटी पूर्ण झाली की नाही ते वाचणाऱ्याने ठरवावं.

आता शब्दाचं. मसुद्याच्या शीर्षकात 'जात' होती. पहिल्या दुरुस्तीत ती 'सामाजिक गट' झाली, दुसरीत 'सामाजिक-आर्थिक स्थिती'. कारण दिलं गेलं, बाहेरच्या वाचकाला जात कळत नाही. अमेरिकेतल्या जामा या जर्नलने वंश आणि वांशिकता कशी नोंदवायची, कुणी ठरवली आणि का मोजली हे लिहायचं, याची सविस्तर सूचना २०२१ मध्ये छापली. तिथला वंश आपण परीक्षेला बसल्यासारखा समजून घेतो, आणि आपली जात मात्र त्यांना कळणार नाही म्हणून आपणच खोडतो. आम्ही ज्या भारतीय जर्नलला पाठवणार होतो त्याच्या लेखक-सूचनांत जातीबद्दल एक ओळ नव्हती.

शीर्षकानंतर पाळी आकड्यांची. संपत्ती, शिक्षण, घरातलं शौचालय हे सगळं मॉडेलमध्ये टाकायचं, मग जातीचा परिणाम आकसतो, मग लिहायचं की इतर घटक विचारात घेतल्यावर जात महत्त्वाची राहत नाही. अरे, पण जमीन नाही, शाळा सुटली, पाणी लांब, हे जातीशिवाय आलं का? जात ज्या वाटेने शरीरापर्यंत पोचते ती वाट आधी बंद करायची आणि मग सांगायचं, जात पोचलीच नाही. आणि एवढं करूनही ती जात नाही. संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांनी नऊ राज्यांतल्या दोन कोटींहून अधिक लोकांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये दाखवलं, की उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचं आयुर्मान चार वर्षांहून अधिक आणि दलितांचं तीन वर्षांहून अधिक कमी आहे, आणि आर्थिक स्थितीने या दरीचा निम्मासुद्धा भाग स्पष्ट होत नाही. हा निबंध पीएनएएसमध्ये छापून आला. बाहेरच्या वाचकाला कळला.

आपल्यातलेच काही म्हणतात, नावाचा हट्ट कशाला, काम वस्तीपर्यंत पोचलं पाहिजे. पुढच्या प्रकल्पावर कुणाला घ्यायचं, पगार किती, पीएचडीला कुणाचा अर्ज पुढे सरकेल, हे नाव पाहून ठरतं. आभाराची ओळ बायोडेटात लिहून पाहा. आणखी एक. ज्यांचे नावानिशी आभार मानायचे त्यांची परवानगी घ्यावी असंही आयसीएमजेईने म्हटलंय. 'फिल्ड स्टाफ' लिहिलं की नाव लागत नाही, परवानगीही लागत नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण आज कुठल्या तरी प्रकल्पावर सहायक असतील, अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. पहिल्याच बैठकीत विचारा की लेखक कोण कोण असणार, आणि उत्तर मेलवर मागा. प्रश्नावलीत सुचवलेला बदल तोंडी सांगून सोडू नका, ग्रुपवर तारखेसह टाका आणि तो ग्रुप डिलीट करू नका. मसुदा मागा. 'तुला कळणार नाही' म्हटलं तरी मागा. माझ्याकडे ताईंचा तो निरोप फोनवर होता म्हणून बोलता आलं. तरी तीन आठवडे गेले. "रिव्ह्यूअरने विचारलं तर ती उत्तर देणार का?" सर म्हणाले. मी म्हणाले, वस्ती कुठल्या बाजूला आहे हे विचारलं तर आपल्यातलं कोण देणार? जबाबदारीची कसोटी एवढंच मागते, की कामाबद्दल शंका आली तर तिचा छडा लागेल हे प्रत्येकाने पाहावं. शेवटी ताईंचं नाव सहावं लागलं. सरांचं शेवटी, नेहमीच्या जागी.

मग जर्नलचा ऑनलाइन फॉर्म. संस्था विचारली. कंत्राट संपलेलं, कॉलेजचं नाव द्यायचं नाही असं कळवण्यात आलं, म्हणून 'स्वतंत्र संशोधक' लिहून गाव, तालुका, जिल्हा दिला. ईमेल नवा काढला. मग पदवी. निवडायच्या यादीत एमबीबीएस, एमडी, पीएचडी, एमपीएच होतं, बी.ए. नव्हतं.

"इतर टाका की," ताई म्हणाल्या आणि हसल्या.

मी टाकलेलं नाही. संपादकीय कार्यालयाला मेल केलाय, उत्तर यायचं आहे.