आजारी आणि मुसाफिर

रमजानचे रोजे प्रत्येक सज्ञान मुसलमानावर फर्ज आहेत. मात्र ज्या आदेशाने ते फर्ज झाले, त्याच आदेशात दोघांना सवलत आहे. एक आजारी माणूस, दुसरा मुसाफिर. सुटलेले रोजे त्यांनी पुढे सवडीने पूर्ण करावेत आणि ज्याला ते कधीच शक्य होणार नाही, त्याने गरिबाला जेवू घालून फिदया द्यावा. नियम सर्वांना एकच, पण माणसाची परिस्थिती पाहून त्याचा भार कमी-जास्त होतो. सातारा-सांगलीच्या आरोग्यसेवेकडे या दृष्टीने पाहिले, तर आजाऱ्याची सोय बरीच झालेली दिसते. मुसाफिराची मात्र राहून गेली आहे.

आजाऱ्याची सोय लहान नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत मिशन रुग्णालय सुरू केले. 1962 मध्ये तिथेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. आज उत्तर कर्नाटकातले रुग्णही उपचारांसाठी मिरज गाठतात. कराड आणि सातारा येथेही वैद्यकीय महाविद्यालये आहेत. ज्या महात्मा फुले यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण, त्यांच्या नावाच्या जनआरोग्य योजनेचे संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला. त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार मोफत झाले.

आता याच दोन जिल्ह्यांतल्या उसाच्या फडाकडे वळू. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड कुटुंबे कृष्णाकाठी येतात आणि गाळप संपेपर्यंत कोपीत राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांच्या कष्टातून फिटते. अलीकडे रमजान गाळपाच्या हंगामातच येतो आहे. गावात सहरीसाठी दिवे लागतात, त्या वेळी ही माणसे फडाच्या वाटेला लागलेली असतात. त्यांना ताप आला, बाईचे पोट दुखू लागले, तरी काम थांबत नाही. कारण थांबले की खाडा पडतो, मजुरी कापली जाते आणि उचल अंगावर राहते.

याचा परिणाम किती खोल जातो, हे 2019 मध्ये राज्यासमोर आले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पांढरे जाणे, जंतुसंसर्ग, पाळीचा त्रास यांवर औषधे आहेत. पण औषधासोबत विश्रांती, स्वच्छ पाणी, आडोसा आणि पुन्हा तपासणीला जाण्याइतकी सवड लागते. फडावर यातले काहीच नव्हते. त्यानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियांवर परवानगीचे बंधन आले, कामाला निघण्यापूर्वी आणि परतल्यावर तपासणी व्हावी असे ठरले. हे चांगलेच झाले. पण मधले पाच-सहा महिने या बायका सातारा, सांगली, कोल्हापूर भागात असतात. त्या महिन्यांची जबाबदारी कोणाची?

जवळच आरोग्य केंद्र असते, तिथे या का जात नाहीत, असे विचारले जाते. केंद्राचा बाह्यरुग्ण विभाग दिवसा चालतो आणि त्या दिवसा फडात असतात. सपाट भागात 30,000 आणि डोंगरी भागात 20,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे प्रमाण त्या भागात नोंदलेल्या वस्तीवर ठरते. हंगामापुरती वाढलेली माणसे त्यात धरलेली नसतात. आशाताईंची यादीही गावातल्या घरांची असते, फडाच्या कडेच्या कोपीची नव्हे. फुले योजनेतून दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांचा आणि शस्त्रक्रियांचा खर्च निघतो. बुडालेली मजुरी आणि दवाखान्यापर्यंतचे गाडीभाडे त्यातून मिळत नाही.

मुसाफिर फक्त बाहेरून आलेला असतो असेही नाही. जत तालुक्याच्या पूर्व टोकाहून मिरज शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. पाटण तालुक्यातल्या डोंगरवाड्यांना दवाखाना म्हणजे एक दिवसाचा प्रवास. ज्याला उपचारासाठी दिवस मोडावा लागतो, तो आपल्याच जिल्ह्यात मुसाफिर ठरतो. मग तो दुखणे अंगावर काढतो आणि पोचतो तेव्हा आजार वाढलेला असतो.

सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले यांची आठवण इथे येते. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांचा दवाखाना चालू होता. उपचार होते, रुग्णही होता, पण त्याला तिथवर आणणारे कोणी नव्हते. सावित्रीबाईंनी आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च रोजी त्यांचे निधन झाले.

जकातीच्या आठ हक्कदारांत गरिबांसोबत कर्जदार आणि मुसाफिरही आहेत. उचलीत अडकलेला ऊसतोड मजूर या दोन्ही वर्णनांत बसतो. जकात कोणाला द्यावी याचे फिकहचे नियम आहेत, पण सदक्याला धर्माची अट नाही. रमजानमध्ये अनेक हात देते होतात. त्यातला एखादा हात रुग्णाच्या गाडीभाड्याकडे, औषधाकडे, बुडालेल्या मजुरीकडे वळला, तर उपयोग लगेच दिसेल.

मात्र दानाने हक्काची जागा भरत नाही. साखर कारखान्यांकडे टोळ्यांच्या नोंदी असतात. हंगाम सुरू होताना त्या आरोग्य केंद्राला मिळाल्या, आठवड्यातून एकदा संध्याकाळी डॉक्टर आणि आशाताई तळावर गेल्या, गरोदर बाईच्या विश्रांतीचा खाडा धरला गेला नाही, तर बराच फरक पडेल. यासाठी नवे रुग्णालय बांधावे लागत नाही. कारखाना, आरोग्य विभाग आणि ग्रामपंचायत यांनी हंगामाआधी एकत्र बसावे लागते. रोजाची सूट मुसाफिराला मागावी लागत नाही, नियमच त्याचा विचार आधी करतो. आरोग्याच्या नियोजनातही त्याचा विचार असाच आधी व्हायला हवा.