खजिना कोणाचा?

किम जी-वून या कोरियन दिग्दर्शकाच्या ‘द गुड, द बॅड, द वियर्ड’ (२००८) या चित्रपटाचा विषय निघाला कीं आमच्याकडील जाणकार म्हणविणाऱ्या मंडळींचा एक ठरीव शेरा ऐकूं येतो : ‘ही सर्जिओ लिओनेची नक्कल.’ नांवच उसनें, मग पुढें पाहावयाचें काय? हा शेरा निव्वळ आळसाचा आहे. खुद्द लिओनेनें १९६४ सालीं आपला पहिला गाजलेला वेस्टर्न कुरोसावाच्या ‘योजिंबो’वरून उचलला होता, व त्यापायीं जपानी कंपनीशीं तडजोड करावी लागली होती. उसनवारी हाच गुन्हा मानिला, तर न्यायासनावर बसावयासही कोणी निर्दोष सांपडणार नाहीं. उसनें बीं कोणत्या जमिनींत पेरलें, तेवढेंच पाहावयाचें.

या चित्रपटाची जमीन मांचुरियाची, आणि काळ १९३० नंतरचा. जपाननें १९१० मध्यें कोरिया गिळला, १९३१ मध्यें मांचुरियावर झडप घातली. देशाला मुकलेले कोरियन त्या माळरानांत विखुरले होते. अशा ठिकाणीं आगगाडी लुटणारा एक भुरटा चोर, एक निर्दय दरवडेखोर आणि बक्षिसासाठीं गुन्हेगार धरणारा एक नेमबाज, असे तिघे एका नकाशापायीं एकमेकांच्या जिवावर उठतात. पाठोपाठ जपानी फौज धांवत येते. आणि ज्या खजिन्यासाठीं एवढा रक्तपात, तें निघतें भूगर्भांतील तेल! साम्राज्यें कशाच्या वासानें धांवतात, हें दिग्दर्शकानें व्याख्यान न झोडतां सांगितलें. (पाठलाग फार लांबला आहे, हें मात्र कबूल.)

आतां आपल्या घरीं पाहूं. मी हें राहात्यास बसून लिहितों. येथें गोदावरीच्या पाटाचें पाणी आहे, पेरूच्या बागा आहेत. दरवडेखोरांची आठवण होण्याजोगें कांहीं नाहीं. पण संगमनेर ओलांडून पश्चिमेस गेलें कीं अकोल्याचे डोंगर लागतात. त्या डोंगरांतील राघोजी भांगऱ्यानें इंग्रजांस व सावकारांस सळो कीं पळो करून सोडलें. १८४८ मध्यें तो पंढरपुरास पकडला गेला आणि २ मे रोजीं ठाण्यास फांशीं गेला. पुढें २७ वर्षांनीं, १२ मे १८७५ रोजीं, पुणें जिल्ह्यांतील सुप्याच्या बाजारांत कुणबी सावकारांवर उठले, व तें लोण आमच्या नगर जिल्ह्यांतही पोंचलें. मागणी बहुधा एकच : कर्जरोखे बाहेर काढा. ते हातीं आले कीं लोक जाळीत. सावकारानें निमूटपणें दिले तर सहसा त्याच्या अंगाला हातही लावीत नसत. ज्या कागदावर वाडवडिलांची जमीन लिहून गेली, तोच नकाशा आणि तोच खजिना! सरकारला १८७९ मध्यें शेतकऱ्यांसाठीं निराळा कायदा करावा लागला, तो याच धगीमुळें.

या दंग्याला शंभर वर्षें भरलीं त्याच सालीं, १९७५ मध्यें, ‘शोले’ आला. तोही उसनवारीचाच, आणि तीबद्दल माझी तक्रार नाहीं. तक्रार एवढीच कीं रामगड कोणत्या जिल्ह्यांत आहे तें कोणासही सांगतां येणार नाहीं. चित्रण कर्नाटकांतील रामनगरच्या खडकांत, भाषा हिंदी, आणि गब्बर धान्य लुटतो तें गांव कोणाच्या कर्जांत बुडालें आहे याचा पत्ता नाहीं. ‘मदर इंडिया’त (१९५७) निदान सुखीलालाची वही तरी होती! वीस वर्षांच्या आंत ती वही पडद्यावरून नाहींशी झाली आणि प्रेक्षकांनीं टाळ्या पिटल्या.

यावर देशाभिमानी वाचक रागावतील : राघोजी हुतात्मा आहे, त्याला चोर-शिपायांच्या खेळांत कशाला ओढतां? माझें म्हणणें असें कीं हा सोंवळेपणाच त्याला मारतो. किमच्या चित्रपटांत कोरियाचे स्वातंत्र्यसैनिक आहेत, आणि त्यांच्याच शेजारीं एक हांवरट, हंसविणारा चोरही आहे. त्यानें कोणाचा देशाभिमान विटाळला नाहीं. इंग्रजांच्या दप्तरांत राघोजी दरवडेखोर आहे, आमच्या सभांत तो हार घातलेली तसबीर आहे. रात्रीं कडा उतरून सावकाराच्या ओसरीवर येणारा, भुकेला, संतापलेला, प्रसंगीं क्रूरही होणारा माणूस यांपैकीं कोठेंच भेटत नाहीं. त्याला पडद्यावर आणण्यासाठीं गोबीच्या वाळवंटापर्यंत जावें लागत नाहीं. रतनगडाच्या पायथ्याला एस. टी. जाते.