परीक्षकांचा निर्णय अंतिम नाही!

सामान्यज्ञानाच्या कोणत्याही स्पर्धेचे पत्रक हाती घ्या. वेळ, स्थळ, बक्षिसे हे सगळे सांगून झाले की अगदी तळाशी, बारीक अक्षरात एक ओळ हटकून असते : ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.’ ह्या ओळीशी आमचे भांडण आहे. सणासुदीला भांडण उकरून काढू नये, असे वडीलधारी माणसे सांगतात. पण हे भांडण फराळाच्या ताटाशेजारी बसून करण्याजोगे आहे, आणि ते परभणी जिल्ह्यातून निघावे हेही योग्यच आहे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे छातीठोकपणे सांगणारा जिल्हा दुसऱ्या कोणाचा निर्णय अंतिम म्हणून निमूटपणे मान करून घेईल, ही अपेक्षाच मुळी भाबडी!

आठवड्यातून एकदा वाचनालयाच्या खोलीत, शाळेच्या वर्गात किंवा एखाद्या घराच्या ओसरीवर चार मंडळी जमतात. कोणी गुरुजी वहीतून प्रश्न वाचतात. दोन बाजू पडतात. गुण फळ्यावर मांडले जातात. हरणाऱ्याने चहा पाजायचा, एवढीच काय ती पैज. ही बैठक पाहिली आहे तो सांगेल की, प्रश्नोत्तरे अर्ध्या तासात संपतात आणि खरी बैठक त्यानंतर सुरू होते. ‘हे उत्तर चूक दिलेत गुरुजी!’ असे कोणी तरी म्हणतो आणि चहाचे पेले निवत पडतात. आमचे म्हणणे इतकेच, की त्या अर्ध्या तासापेक्षा हा नंतरचा वेळ मोलाचा आहे. आणि तो मारून टाकणारी जी जी म्हणून युक्ती निघेल, तिला विरोध केला पाहिजे.

ह्या वेळेवर पहिला घाला रेडिओने घातला, असे कोणी म्हणेल. आम्हांला ते मान्य नाही. १९७२ साली सुरू झालेली ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ आधी हमीद सयानी आणि त्यांच्यामागून अमीन सयानी चालवीत. रेडिओला उलट उत्तर देता येत नसे हे खरे. पण म्हणूनच तो वाद रेडिओपाशी न राहता घरात शिरे. बाप एक उत्तर देई, मुलगी दुसरे देई, आणि जेवणाची पाने वाढली तरी निकाल लागत नसे. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ आले आणि उत्तराला ‘लॉक’ म्हणजे कुलूप लागले. आता तर प्रत्येकाच्या खिशात यंत्र आहे. वाद जरा रंगात येतो न येतो तोच एखादा उतावळा पुतण्या खिशातून फोन काढतो, पहिली ओळ वाचतो आणि म्हणतो, ‘काका, संपलं. हे बघा.’ काका गप्प बसतात. संपले ते काय? प्रश्न संपला, की माणसांचे बोलणे?

उदाहरणाखेरीज बोलणे म्हणजे मिठाखेरीज चिवडा. म्हणून एक साधा प्रश्न घेऊ : परभणी स्वतंत्र केव्हा झाली? वहीत उत्तर लिहिलेले असते, १५ ऑगस्ट १९४७. शाळकरी पोर ते घडाघडा सांगते आणि गुण मिळवते. अशा वेळी मागच्या ओळीतले एखादे आजोबा हळूच म्हणतात, ‘गुरुजी, तुम्ही सांगायलात ते देशाचं झालं. आमच्या परभणीचं इचारा की!’ आजोबांचे बरोबर आहे. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. त्या ऑगस्टात इथे तिरंगा लावणे हा गुन्हा होता, आणि स्वामी रामानंद तीर्थांना तुरुंगात टाकण्यात आले होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तेरा महिने आणि दोन दिवसांचे हे अंतर वहीच्या एका ओळीत बसत नाही. ते त्या आजोबांच्या हरकतीत बसते. परीक्षकांचा निर्णय अंतिम धरला असता, तर त्या पोराला एक गुण मिळाला असता आणि आपल्याच जिल्ह्याचा इतिहास मात्र हरवला असता.

दुसरा प्रश्न ह्याहून अवघड आहे. संत नामदेवांचा जन्म कोणत्या जिल्ह्यात झाला? एक बाजू म्हणते परभणी, दुसरी म्हणते हिंगोली, तिसरी म्हणते सोलापूर. आणि तिघांपैकी एकही मूर्ख नाही! नामदेवांचे जन्मस्थान म्हणून नरसी बामणीचे नाव घेतात. ते गाव हिंगोली तालुक्यातले, आणि हा तालुका परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा औंढा नागनाथासह नरसीही तिकडे गेली. म्हणजे जुने पुस्तक वाचलेल्या काकांचे परभणी त्या पुस्तकापुरते खरे आणि नव्या पुस्तकातून शिकलेल्या पुतणीचे हिंगोली आजच्यापुरते खरे. आणि सोलापूर? नामदेव पंढरपुरातच जन्मले, असे मानणारे अभ्यासकही आहेत. सातशे वर्षांहून जुना हा प्रश्न परीक्षक महाशय अर्ध्या मिनिटात निकालात काढणार, आणि तो निर्णय अंतिम राहणार!

औंढ्याचे तरी काय वेगळे आहे? नागेश ज्योतिर्लिंग ते हेच, असे आपण म्हणतो. द्वारकेजवळचे लोक त्यांच्या नागेश्वराबद्दल आणि कुमाऊँमधले लोक त्यांच्या जागेश्वराबद्दल तेच म्हणतात. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या परळी वैजनाथाला देवघरच्या वैद्यनाथाचा असाच प्रतिस्पर्धी आहे. हे देवघरही आधी बिहारात होते आणि २००० सालापासून झारखंडात आहे. देव जागचे हलले नाहीत. जिल्हे आणि राज्ये हलली. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा मराठवाड्यात पाच जिल्हे होते. १९८१ मध्ये जालना, १९८२ मध्ये लातूर आणि १९९९ मध्ये हिंगोली असे तीन वाढून आज आठ आहेत. ‘मराठवाड्यात जिल्हे किती?’ ह्या प्रश्नाला साल जोडले नाही, तर तो प्रश्न अर्धाच आहे आणि अर्ध्या प्रश्नाला पूर्ण गुण मागणे हा अन्याय आहे.

काही उत्तरे तर खरी नसतानाही पिढ्यान् पिढ्या पाठ होतात. भारताचा राष्ट्रीय खेळ हॉकी, हे कोणी शिकवले नाही? परंतु २०१२ साली लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकाराखाली सरकारलाच विचारले, तेव्हा कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही, असे क्रीडा मंत्रालयाने कळवले. ज्या प्रश्नाला इतकी वर्षे कोणी हरकत घेतली नाही, तो एका लहान मुलीने मोडीत काढला. आपल्या बैठकीत तिने तोंड उघडले असते, तर ‘बाळ, खाली बस, उत्तर हॉकी’ असेच आपण म्हटले असते ना?

ह्यावर शहाणी माणसे म्हणतील, ‘मग काय, सगळ्यांचीच उत्तरे बरोबर? असे असेल तर स्पर्धा कशाला घेता, भजन घ्या!’ आक्षेप योग्य आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे. ते कोणाच्या आवाजाने वीतभरही वाढणार नाही. जनाबाईंचे गंगाखेड गोदावरीच्या काठी आहे; त्यावर मतदान घ्यायचे कारण नाही. असे प्रश्न विचारावेत आणि पुढे जावे. परंतु काही उत्तरे सालाबरोबर बदलतात. २००६ पर्यंत नऊ ग्रह सांगणारा बरोबर होता. त्या साली प्लूटोला त्या पंक्तीतून उठवले आणि आठ सांगणारा बरोबर ठरला. आणि काही उत्तरांवर विद्वानांचेच एकमत नसते. ह्या तिन्ही जातींचे प्रश्न एकाच तराजूत घालून ‘अंतिम, अंतिम’ म्हणणाऱ्या परीक्षकाला आमचा विरोध आहे. वाटेल ते उत्तर दडपून नेणाऱ्या वाचाळालाही तितकाच आहे. गळ्याच्या शिरा म्हणजे पुरावा नव्हे.

वाद कडवट होतात हेही आम्हांला ठाऊक आहे. आमच्याच पाथरीने ते दाखवले आहे. ह्याच पाथरीसाठी सोळाव्या शतकात अहमदनगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही लढल्या होत्या. २०२० साली साईबाबांच्या जन्मस्थानाच्या प्रश्नावरून ती पुन्हा गाजली. पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा झाली, ती जन्मभूमी आहे असे म्हटले गेले, आणि १९ जानेवारीला शिर्डी बंद राहिली. आपल्या ओसरीवरच्या वादात आणि ह्या वादात फरक कोणता? ओसरीवर चहाखेरीज काही पणाला लागलेले नसते, आणि दोन्ही बाजूंना पुढच्या आठवड्यात त्याच सतरंजीवर बसायचे असते. मान आणि पैसा मध्ये आला की ज्याचे उत्तर चुकले तो शत्रू वाटू लागतो. म्हणून हरकत घ्यायची सवय लहानपणीच, हसतखेळत लागली पाहिजे. जो सतरंजीवर वाद घालायला शिकला नाही, तो पुढे रस्त्यावर घालतो.

आणि ही केवळ करमणुकीची गोष्ट राहिलेली नाही. आज परभणीच्या अभ्यासिकांतून शेतकऱ्यांची मुलेमुली स्पर्धा-परीक्षांची पुस्तके उघडून पहाटेपासून बसलेली असतात. त्यांच्या दृष्टीने एका चुकीच्या उत्तराची किंमत एक कप चहा नाही. त्याने एक वर्ष जाऊ शकते. पण मौज पाहा : इतका मोठा लोकसेवा आयोग, तोसुद्धा आधी पहिली उत्तरतालिका जाहीर करतो, तिच्यावर हरकती मागवतो, काही उत्तरे बदलतो, काही प्रश्न सरळ रद्द करतो आणि मगच अंतिम तालिका काढतो. आयोगाला जे कमीपणाचे वाटत नाही, ते आमच्या गुरुजींना का वाटावे? ज्या मुलाला ओसरीवर ‘गप्प बस’ म्हणून बसवले, तो मोठेपणी योग्य हरकतसुद्धा पुराव्यानिशी मांडू शकणार नाही. एक गुण गेला तर भरून येतो. विचारण्याची उमेद गेली तर ती आणायची कोठून?

तेव्हा पत्रकातली ती बारीक अक्षरांतली ओळ पुसून तिच्या जागी तीन नियम लिहावेत, अशी आमची सूचना आहे. पहिला : प्रश्न विचारणाऱ्याने उत्तराबरोबर ते कोणत्या सालचे आणि कशाच्या आधारे, हे सांगावे. दुसरा : हरकत घेणाऱ्याने पुढच्या आठवड्यात पुरावा आणावा. विश्वकोशाचा खंड आणावा, गॅझेटियर आणावे, गावातले जाणते माणूस आणले तरी चालेल. मात्र फोनवरची पहिली ओळ हा पुरावा नव्हे, ती ओळ कोणी व कशावरून लिहिली हे सांगता आले तरच ती चालेल. तिसरा : हरकत खरी ठरली तर गुण हरकत घेणाऱ्याला मिळावा आणि चहा परीक्षकांनी पाजावा. हा तिसरा नियम लागू झाला की प्रश्न किती काळजीपूर्वक काढले जातात, ते पाहाच!

दिवाळीत घर भरलेले असते. मुंबई-पुण्याची मंडळी आलेली असतात, पोरांना सुट्टी असते, आणि एरवी महिना महिना न भेटणारी चार डोकी एका ताटाभोवती असतात. आमच्या म्हणण्याची परीक्षा घ्यायला ह्याहून चांगली वेळ नाही. करंज्यांचे ताट मध्ये ठेवा, सगळ्यांचे फोन आजीच्या ताब्यात द्या, आणि फक्त एवढेच विचारा : दिवाळीचा पहिला दिवस कोणता? आजोबा म्हणतील वसुबारस, व्यापारी काका म्हणतील धनत्रयोदशी, आणि भल्या पहाटे उठून सगळ्यांचे पाणी तापवणारी सूनबाई म्हणेल, ‘मामंजी, अभ्यंगस्नानाखेरीज कसली दिवाळी? पहिला दिवस नरकचतुर्दशीचा!’ ज्याला ज्याचे म्हणणे पटवायचे असेल, त्याने भाऊबिजेपर्यंत पुरावा घेऊन यावे. तोवर निर्णय राखून ठेवला आहे.