टर्की पाळा, पण हमीवर नको

परवा पारनेरहून पुतण्या आला. हातात टर्कीपालनाचं गुळगुळीत माहितीपत्रक. पिल्लं आम्ही देऊ, मोठे पक्षी आम्हीच विकत घेऊ! मी विचारलं, "अरे, एवढा नफा आहे तर ते स्वतःच का पाळत नाहीत?"

टर्कीशी माझं वैर नाही. रानात मोकळा सोडला तर गवत, किडे खातो. वर घास टाकला की दाण्याचा खर्च वाचतो. मात्र अंडी उबायला २८ दिवस लागतात, कोंबडीला २१. पिल्लांना सुरुवातीला ऊब द्यावी लागते, दाणा टिपायलाही शिकवावं लागतं. कोंबड्यांत मिसळलं तर रोग लागतो. हेही जमेल. पण आपल्या आठवडे बाजारात टर्की मागतो कोण?

तमिळनाडूत २०१२ साली ईमूचं, इस्लामपूरकडे २०१९ साली कडकनाथचं हेच झालं. पक्षी दारात राहिले, खरेदीची हमी देणारे गायब! दोष पक्ष्यांचा नव्हता. खरा धंदा पिल्लं विकण्याचाच होता.

म्हणून सांगतो, आधी दहाच पाळा. गिऱ्हाईक स्वतः शोधा, मग वाढवा. पुतण्या रुसून गेलाय. रुसू दे. कर्जात बुडण्यापेक्षा काकावर रुसलेला बरा.