औषध नको, चिमटा घ्या

खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत प्रवाळ वाढवणाऱ्यांना व्हर्मेटिड नावाची गोगलगाय फार छळते. खडकाबरोबर ती नकळत टाकीत येते. ही फिरत नाही. खडकाला चिकटून चुन्याची नळी बांधते आणि चिकट स्रावाचे जाळे पसरून अन्नकण पकडते. हे जाळे शेजारच्या प्रवाळावर पडत राहिले की त्याची वाढ खुंटते.

मग कोणी सुचवतो, पाण्यात तांब्याचे औषध टाका! हा सल्ला मला मुळीच पटत नाही. तांब्याने गोगलगाय मरते खरी. पण प्रवाळ, कोळंबी आणि शेवाळ खाण्यासाठी आपणच आणलेल्या उपयोगी गोगलगायी यांनाही ते विषच. शिवाय चुनखडीचे खडक तांबे धरून ठेवतात आणि पाणी बदलल्यावरही हळूहळू सोडत राहतात.

त्यापेक्षा हातमोजे घालून (नळीची कड धारदार असते) चिमट्याने नळी मुळापासून काढावी. निघत नसेल तर तिचे तोंड सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाने बंद करावे. माशांना खाणेही बेतानेच टाकावे, कारण उरलेल्या कणांवरच ही पोसते. काम कंटाळवाणे आहे, आठवडेच्या आठवडे चालते. पण प्रवाळ जिवंत राहतो.