श्रावकाचार : बागेतील मांजर आणि अहिंसाणुव्रत

घराभोवती थोडी मोकळी जागा असली की तेथे मोगरा, शेवंती, गुलाब लावले जातात आणि सकाळी तीच फुले पूजेसाठी निघतात. अशा बागेत मांजर रोज येऊन माती उकरू लागले, घाण करू लागले, की घरातील सर्वांचे चित्त अस्वस्थ होते. ही तक्रार केवळ शुचितेची नाही. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मातीत मिसळू शकतो आणि गर्भवती स्त्रीच्या पोटातील बाळाला त्यापासून अपाय होऊ शकतो. म्हणून मांजर बागेत येऊ नये, ही इच्छा रास्तच आहे. ती कोणत्या मार्गाने पूर्ण करावी, येथे मात्र श्रावकाच्या व्रताची कसोटी लागते.

व्यापारी घरातील मालक सहसा मांजराला स्वतः दगड मारत नाही. तो नोकराला एवढेच म्हणतो, ‘‘हिचा काहीतरी बंदोबस्त कर.’’ मग मांजर पोत्यात जाते, पोते टेम्पोत जाते आणि दूरच्या एखाद्या बाजारात रिकामे होते. मालकाला वाटते, आपण काहीच केले नाही. परंतु धर्मशास्त्र कृत, कारित आणि अनुमोदित ही तिन्ही सारखीच जमेस धरते. अनोळखी जागी सोडलेल्या मांजराला ना लपण्याची जागा ठाऊक असते, ना अन्नाची. तेथील मांजरे त्याला टिकू देत नाहीत. ती व्यालेली असेल, तर मागे राहिलेली पिल्ले भुकेने प्राण सोडतात. उपासमार किंवा तहान यांमुळे वेदना होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसारही अपराध आहे. शिवाय एवढे करून साधते काय? ज्या कारणाने पहिले मांजर आले ते कारण तसेच राहिले, तर रिकाम्या जागी दुसरे येते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. अतिभाराचा संबंध ओझ्याच्या जनावरांशी येतो. उरलेले चार मात्र बागेतील मांजराला जसेच्या तसे लागू पडतात.

बंध म्हणजे कोंडणे. पिंजरा लावणे हा त्याचा उघड प्रकार झाला. पण कुंपणाचे भोक किंवा अडगळीच्या खोलीची खिडकी घाईने बुजवली आणि आत पिल्ले राहिली, तर तोही बंधच. पिल्ले साधारण आठ आठवड्यांत दूध सोडतात. ती आईमागे हिंडू लागेपर्यंत वाट पाहावी, मग जागा रिकामी असल्याची खात्री करून भोक बुजवावे. सणासुदीला गोदामाचे शटर ओढतानाही हीच तपासणी करावी.

वधात मारणे, ताडन करणे येते. दगड आणि उकळते पाणी यांचा निषेध सांगावा लागत नाही. न दिसणारा घात मात्र अनेक घरांत नकळत होतो. डांबराच्या गोळ्या आणि फिनाईल वासाने मांजर पळवतील या समजुतीने बागेत टाकले जातात. डांबराच्या गोळ्यांतील नॅफ्थलीन मांजराला विषारी आहे. फिनाईलमधील फिनॉलसारखी द्रव्ये मांजराचे यकृत नीट निकामी करू शकत नाही. ही द्रव्ये पंजांना लागतात आणि पंजे चाटताना पोटात जातात. तिखटाची पूड त्याच रीतीने डोळे व तोंड पोळते. उंदरांसाठी ठेवलेले विषही विष खाल्लेल्या उंदरामार्फत मांजरापर्यंत पोहोचते.

छेद म्हणजे शरीराला जखम करणे. भिंतीवर रोवलेल्या काचा व काटेरी तार हे याचे उदाहरण. त्याऐवजी भिंतीच्या माथ्यावर तार ताणून तीत हाताने सहज फिरेल असा प्लॅस्टिकचा नळ ओवावा. पंजा ठेवताच नळ फिरतो, पकड मिळत नाही, आणि मांजर इजा न होता परत फिरते.

अन्नपाननिरोध हा सर्वांत सूक्ष्म. ज्या मांजराला घरानेच रोज दूध ठेवून सवय लावली, त्याचे अन्न एका दिवसात तोडणे उचित नाही. भांडे दररोज थोडे थोडे बागेपासून दूर न्यावे. खरकटे झाकून ठेवावे. पक्ष्यांना दाणे जमिनीवर टाकले, तर त्या दाण्यांनी पक्षी येतात आणि पक्ष्यांमागे मांजर. दयेने टाकलेला दाणाच मग पक्ष्याच्या मृत्यूचे निमित्त ठरतो. दाण्यांची थाळी उंच टांगावी, झुडपांपासून दूर ठेवावी आणि खाली सांडलेले दाणे झाडून घ्यावेत.

यापुढचे काम मातीचे आहे. मांजराला कोरडी, भुसभुशीत, उघडी माती हवी असते. ती उघडी ठेवू नये. रोपांमध्ये गोटे किंवा नारळाच्या शेंड्या अंथराव्यात, नाहीतर साधारण एक इंच भोकांची जाळी मातीवर सपाट पसरून कडा आत मुडपाव्यात. यासाठी खणावे लागत नाही, त्यामुळे मातीतील जीवांनाही त्रास होत नाही. मात्र अंथरण्यापूर्वी जागा नीट न्याहाळावी. पाण्याचे फवारे मारून मांजर पळवता येते, पण त्यात अप्कायाची विराधना व पाण्याची नासाडी आहे. रोपांना घालायचे तेवढेच पाणी पुरेसे. आधीची घाण हातमोजे घालून उचलावी व जागा धुवावी, कारण स्वतःच्या वासाने मांजर तेथेच परतते. गर्भवती स्त्रीने हे काम करू नये. घरामागे एका कोपऱ्यात कोरड्या वाळूचा लहानसा ढीग ठेवला आणि तो रोज स्वच्छ केला, तर बहुधा मांजर फुलांचे वाफे सोडून तिकडे जाते. काही आठवडे धीर मात्र धरावा लागतो.

हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात हेच अतिचार सांगताना क्रोधाचा आवर्जून उल्लेख केला आहे. मांजर माती उकरते त्यात त्याचा द्वेष नसतो. तो त्याचा देहधर्म आहे. वाफा झाकणारा गृहस्थ आपली बाग बदलतो, तर पोते मागवणारा आपला राग त्या मुक्या जीवावर काढतो. बागेतून मांजर दोघांच्याही जाईल. परंतु संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसल्यावर दिवसभरातील अतिचार आठवताना दोघांपैकी एकालाच त्या पोत्याचा हिशेब द्यावा लागेल.